भिंतीवरचा घास

कल्याणला उतरलं की आधी भाताच्या कोंड्याचा वास येतो. डोळे बांधून आणलेला माणूसही सांगेल आपण कुठे आलो ते. मागोमाग उखळ-मुसळांचे आवाज, मग खाडीचा चिखल, सुके बोंबील, गाड्यांच्या बैलांचं शेण. मी ठाण्याहून सकाळच्या गाडीने आले होते. पंचवीस-तीस वर्षांत त्या वासात तसूभर फरक पडला नव्हता. माझ्यात बराच पडला होता, पण त्याची चौकशी कल्याणला नव्हती.

मिशनचा जुना बंगला विकला गेला, असं आमच्या शाळेत कुणीतरी जाता जाता सांगितलं. मी तिथे मुलींना शिकवते. तो बंगला खाडीच्या वाटेवर होता. माझी आई त्यात स्वयंपाक करायची आणि मी त्याच्या मागच्या पडवीत वाढले. घेणारा भाताचा व्यापारी होता. तो काय पाडणार आणि काय ठेवणार, हे त्याचं त्याला ठाऊक. मला एवढंच बघायचं होतं की माझ्या आईला पुरलं ती जागा आहे की गेली.

फाटक नव्हतंच. व्हरांड्यात पोत्यांची थप्पी लागली होती. जिथे वेताच्या दोन खुर्च्या असायच्या तिथे एक कुत्री पिल्लांना पाजत पडली होती. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि परत खाली टाकली. मी घरची नाही आणि चोरही नाही, हे तिने बरोबर ओळखलं.

ज्या वयात आपल्याकडची माणसं काशीला जायचं म्हणतात, त्या वयात पाद्रीसाहेब आणि मडमसाहेब कल्याणला आले. पोरंबाळं मोठी करून, त्यांची लग्नं लावून, आपल्या थंड गावातलं देऊळ दुसऱ्या पाद्र्याच्या हवाली करून. साहेब उंच होते, कानांत पांढऱ्या केसांचे झुबके, आणि चालताना डावा गुडघा वाजायचा. मडमसाहेब ठेंगण्या, आणि त्यांचं नाक बारा महिने उन्हाने सोललेलं. पुण्याच्या एका शास्त्रीबुवांकडून दोघांनी मराठी शिकून घेतली होती, त्यामुळे त्यांचं बोलणं बाजारातल्या कुणाहीपेक्षा शुद्ध होतं आणि कुणालाच आपलं वाटत नव्हतं.

सकाळी पाचाला घंटा व्हायची. ती साहेब स्वतः वाजवायचे, आणि बारा ठोके म्हणजे बाराच. मग आम्ही सगळे, म्हणजे आई, माळी, मिशनच्या शाळेचे मास्तर आणि मी, चटईवर बसून प्रार्थना ऐकायचो. मडमसाहेबांच्या पेटीचा एक सूर बसका होता. त्या सुरापाशी आल्या की त्या दर वेळी जरा थबकायच्या, आज बरा झाला असेल अशा आशेने. मग लापशी. विलायतेहून येणारं धान्य वाटेतच किडायचं, म्हणून ती रव्याची करायची आणि तिच्यात गुळाऐवजी मीठ. आईला ते शेवटपर्यंत पटलं नाही. ती म्हणायची, ही मानसं गूल सोडून बसलीत, कनचा तरी नवस असल.

आठाला साहेब छत्री, स्टूल आणि पुस्तकांची पेटी घेऊन बाजारात जायचे. चिंचेखाली उभे राहून तासभर बोलायचे. व्यापारी पुस्तकं आदराने घ्यायचे, कारण त्यांचा कागद हिंगाच्या पुड्यांना फार चांगला. एकदा कुणीतरी त्यांच्या स्टुलाला फाटक्या वहाणांची माळ बांधली. साहेबांनी माळ सोडवली, वहाणा जोडी जोडीने ओळीत मांडल्या आणि ज्यांच्या असतील त्यांनी न्याव्यात, असं तीनदा सांगितलं. मग बाजार आठवडाभर हसला. मीही हसले. मास्तरांनी मला फटका दिला, पण हसू त्यांनाही आवरत नव्हतं.

दुपारी मागच्या दाराशी औषधाला बायका यायच्या. आगरी बायका, कुणबिणी, कधी वाण्याची सून. मडमसाहेबांनी औषधाची पुडी जमिनीवर ठेवायची, मग त्या तिच्यावर पाणी शिंपडून उचलणार. मडमसाहेबांच्या हातची क्विनाइन चालायची, हात चालायचा नाही. त्या हसून म्हणायच्या, ताप उतरल्याशी कारण. साहेबांना अशी तडजोड कधी जमली नाही. दोघांत मला तेवढाच फरक दिसायचा, आणि तेवढाच पुढे सगळ्यांना नडला.

चाराला चहा. ते एक पाहण्यासारखं असायचं. व्हरांड्यात वेताच्या दोन खुर्च्या खाडीकडे तोंड करून मांडलेल्या, मधे तिपाई, निळ्या काठाचे दोन प्याले. किटली साहेब उचलायचे. आधी मडमसाहेबांचा प्याला भरायचे, दोन चमचे साखर घालून स्वतः ढवळायचे, बशी फिरवून प्याल्याचा कान त्यांच्या उजव्या हाताकडे करायचे, आणि मग आपला. नवरा बायकोला वाढतो, हे औषधाला आलेल्या बायकांनी कुंपणाआडून पाहिलं आणि गावभर केलं. आई मात्र त्या वेळी चुलीपासून उठून खिडकीशी यायची. नुसती बघायची. आमच्या बापाचं काय झालं हे मला कुणी कधी सांगितलं नाही, पण आईला कुणी कधी प्याला भरून दिला नव्हता, हे मला तिच्या बघण्यावरून कळायचं.

आम्ही आगरी. साहेबाच्या घरचं शिजवलं, साहेबाच्या घरचं खाल्लं, म्हणून पाड्याने आईला पाणी बंद केलं होतं. मेल्यावर खांदा द्यायलाही कुणी येणार नाही, हे तिला तोंडावर सांगितलं होतं. तिला त्याचं दुःख असं फार नव्हतं. तिला भीती होती ती कोल्ह्यांची.

माझा मोठा भाऊ, गोमा, सात वर्षांचा असताना तापाने गेला होता, मी तेव्हा तान्ही होते. आम्ही बंगल्यात येण्याआधीची गोष्ट. लहान पोरांना जाळत नाहीत, म्हणून त्याला खाडीकाठच्या खाजणाच्या बांधाला पुरलं. चौथ्या दिवशी आई गेली तर खड्डा उकरलेला होता. जे सापडलं ते तिने पदरात गोळा केलं आणि पुन्हा पुरलं, आणि त्यावर ओणवी होऊन दिवसभर बसून राहिली. हे ती मला एकदाच बोलली, भात निवडता निवडता, मान वर न करता.

बंगल्याच्या मागे, चाफ्याच्या झाडाखाली, मिशनच्या तीन कबरी होत्या. त्यांच्याभोवती काळ्या दगडांची भिंत होती, आईच्या खांद्याइतकी उंच. त्या भिंतीच्या आत कोल्हं शिरत नसे. आईला मरायच्या आधी बाप्तिस्मा हवा होता तो त्या भिंतीसाठी. बाप्तिस्मा झालेलं माणूस आत, न झालेलं बाहेर, असा नियम होता. ती खोकायला लागली होती, आणि आपल्याला फार दिवस नाहीत हे ती स्वतःच धरून चालली होती. देवाची ओढ तिला नव्हती असं नाही. पण खोटं कशाला बोलू, आधी भिंत आणि मग देव.

शनिवारी परीक्षा असे. बाप्तिस्मा मागणाऱ्यांना साहेब चटईवर बसवून प्रश्नोत्तरीतले प्रश्न विचारायचे. आईला अक्षर येत नव्हतं, पण सगळं पुस्तक नुसतं ऐकून पाठ होतं. दहा आज्ञा ती भाकरी थापताना म्हणायची, त्यामुळे तिच्या आज्ञांना थापांची लय होती. एकही उत्तर चुकायचं नाही. मग साहेब पुस्तक मिटायचे आणि स्वतःचा प्रश्न विचारायचे.

"जे प्रभूला न ओळखता मेले, ते कोठे आहेत?"

"नाशात," आई म्हणायची.

"आणि तुमचा मुलगा?"

 इथे आई चटईची एक काडी नखाने सोलत राहायची. साहेब वाट बघायचे. त्यांचे डोळे पाणावायचे, मी स्वतः पाहिलंय, ते काही दगड नव्हते. मग ते म्हणायचे, पुढच्या शनिवारी. पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. मास्तरांनी त्यांना सुचवून पाहिलं की एवढा एक प्रश्न सोडावा. साहेब म्हणाले, ज्या ठिकाणी दुखतं तिथेच माणूस देवाला खोटं सांगतो, म्हणून विचारायचं ते तिथेच. त्यांना वाटायचं, खोटं सांत्वन देणं हे चोरीहून मोठं पाप. सात वर्षांचं पोर, गळ्यात ताईत, नाव देवीला सोडलेलं. ते त्याला कुठल्या पुस्तकाच्या आधाराने वर घालणार? आईने एकदा चाफ्याखालच्या सगळ्यांत लहान कबरीकडे बोट दाखवून विचारलं, ती तान्ही पोर कुठं हाय? ती आधीच्या पाद्रीसाहेबांची लेक होती, वीस दिवसांची. साहेब म्हणाले, तिचा बाप्तिस्मा झाला होता.

मी तेव्हा अकरा वर्षांची होते आणि मला सगळं येत होतं. एखादं उत्तर फाडकन दिलं की मडमसाहेब माझ्या हनुवटीला बोट लावायच्या. त्यांच्या बोटाला लॅव्हेंडरचा वास असे. तो वास हनुवटीला राहावा म्हणून मी त्या दिवशी तोंड धुवायची नाही. आई दर शनिवारी नापास होते याची मला लाज वाटायची. दुसरं काही वाटायला हवं होतं हे आता कळतं. तेव्हा लाजच वाटली.

एकदा चुलीपाशी मी तिला म्हटलं, म्हणून टाक ना एकदाचं, नुसतं म्हणायचं तर आहे. आई म्हणाली, तू म्हन. मी म्हटलं. "गोमा नाशात आहे." ती म्हणाली, परत म्हन. मी तीनदा म्हणून दाखवलं, स्वच्छ, शास्त्रीबुवांसारखं. आई ऐकत होती. तिने फुंकणी उचलली आणि विस्तव नीट पेटलेला असतानाही फुंकत राहिली.

त्या शनिवारी तिने उत्तर दिलं. आवाज इतका बारीक होता की साहेबांना कानामागे हात धरावा लागला, आणि तिला ते दुसऱ्यांदा म्हणावं लागलं. साहेबांनी चष्मा काढून पुसला. पुढच्या महिन्यातला पहिला रविवार ठरला. मडमसाहेबांनी त्याच दुपारी पांढरं कापड काढलं आणि आईसाठी लांब बाह्यांची चोळी बेतली. आईच्या हातावर गोंदलेलं तुळशीवृंदावन त्या बाहीखाली झाकायचं होतं.

आता घासाचं सांगते. आई रोज दुपारी आमचं जेवण झालं की भाताचा एक घास मागच्या भिंतीवर ठेवायची. चाफ्यावर कावळा बसलेला असायचाच. लहान पोरासाठी कुणी घास ठेवत नाही, तो मोठ्यांसाठी, पितरांसाठी. पण आईने तो स्वतःसाठी नियम करून घेतला होता. मी तो जन्मभर पाहत आले होते आणि त्यात मला काही विशेष वाटत नव्हतं. त्या शनिवारनंतर मात्र ती दोन घास ठेवायला लागली. मी विचारलं, दोन कशाला? ती म्हणाली, एक त्येचा. दुसरा, त्यो रुसला असंल म्हनून.

बुधवारी मी मडमसाहेबांजवळ बसून सुया ओवून देत होते. चोळीची दुसरी बाही चालू होती. त्यांनी सहज विचारलं, आई घरी प्रार्थना करते ना? मी म्हटलं, करते. त्या म्हणाल्या, शहाणी. इथे गोष्ट संपायला हवी होती. पुढचं मला कुणी विचारलं नव्हतं. पण मला आणखी खरं येत होतं आणि माझी हनुवटी मोकळी होती. मी भिंत सांगितली, कावळा सांगितला, दोन घास सांगितले. गोमा रुसला असेल हेसुद्धा सांगितलं, कारण ते मला गमतीचं वाटलं होतं.

मडमसाहेब टाका घालता घालता थांबल्या. मग म्हणाल्या, तू खरे बोललीस. आणि त्यांनी माझ्या हनुवटीला बोट लावलं. मग सुई तशीच कापडात खोवून त्या उठून आत गेल्या.

साहेब संध्याकाळच्या आत स्वयंपाकघराच्या दाराशी आले. ते कधी तिथे येत नसत. त्यांचं डोकं चौकटीला लागलं. ते ओरडले नाहीत, आयुष्यात कधी ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "तुम्ही मला खोटे उत्तर दिलेत."

आई पोळपाट धूत होती. ती म्हणाली, "तोंडानं म्हनलं, साएब. तुमी तोंडालाच इचारलं व्हतं. हाताला कुनी इचारलं नाय."

 साहेब म्हणाले, आणखी तीन महिने थांबू. आईने विचारलं, तवर मी मेली तं? ते म्हणाले, ते प्रभूच्या हाती आहे.  भिंत कुणाच्या हाती आहे हे आईला चांगलं दिसत होतं.

कुणी सांगितलं असेल हेही तिला कळलं होतं. घरात तिसरं होतं कोण? मी वाट पाहत होते की ती मला मारेल. तिने मला जेवायला वाढलं. दोन बोंबील होते, ते दोन्ही माझ्या पानात घातले, आणि समोर बसून मी खाईपर्यंत बघत राहिली. काटे नीट काढ, म्हणाली. त्यानंतर ती दीड महिना होती आणि त्या विषयावर एक शब्द बोलली नाही. मारलं असतं तर मी आज ही गोष्ट वेगळी सांगितली असती.

ती पडून राहिल्यावर मडमसाहेबांनी तिचं सगळं केलं. पेज भरवली, थुंकीचं भांडं धुतलं, वेणी घातली. ज्या हाताची पुडी बायका पाणी शिंपडून उचलायच्या, त्या हाताने आईला कुशीवर वळवलं. शेवटच्या आठवड्यात बंद दाराआडून मला त्यांचा आवाज यायचा, त्यांच्या भाषेत. शब्द कळत नव्हते. पण त्या काहीतरी मागत होत्या आणि साहेब देत नव्हते, हे कुठल्याही भाषेत कळलं असतं. आईने शेवटी मला जवळ बोलावून विचारलं, भिंतीवर घास ठेवलास का? मी नव्हता ठेवला. मी ठेवला म्हणून सांगितलं. खरं बोलायची माझी खोड त्या एका दिवशी कुठे गेली होती कोण जाणे.

पाड्यातून कुणी आलं नाही. माळ्याने भिंतीबाहेर खड्डा खणला, भिंतीला लागून, चाफ्याची सावली पडेल तिथे. मडमसाहेबांच्या मागण्याने एवढंच झालं होतं. आतल्या शेवटच्या कबरीपासून ते अंतर चार हात होतं. मी पुढे मोजलं आहे.

मग साहेबांनी अंगातला कोट काढला. त्यांना कोल्ह्यांचं माहीत होतं, आईनेच कधीतरी सांगितलं असावं. खाडीच्या उतारावर काळे दगड पडले होते, मोठमोठे. ते त्यांनी माळ्याबरोबर, त्या वाजणाऱ्या गुडघ्यावर, एकेक करून वर आणले. दोन दिवस. दुसऱ्या दिवशी त्यांच्या तळहातांची सालं निघाली होती आणि मडमसाहेब पट्ट्या बांधत होत्या. इतके दगड रचले की कोल्हं काय, बैल लावला तरी हलले नसते. दोन दिवस दगड वाहिले, पण चार हात अंतर त्यांना ओलांडता आलं नाही. मी त्यांना वाईट माणूस म्हणत नाही. वाईट माणसाने पहिल्याच दिवशी बाप्तिस्मा उरकून टाकला असता.

पुढच्या महिन्यात माझा बाप्तिस्मा झाला, म्हणजे मला ठाण्याच्या शाळेत घेतील. ती पांढरी चोळी उसवून माझ्या मापाची केली होती. आदल्या शनिवारी मी चटईवर बसले आणि सगळी उत्तरं दिली. साहेबांनी पुस्तक मिटलं. मला वाटलं, मला तरी ते सोडतील. पण ते प्रामाणिक होते.

"तुझी आई कोठे आहे?"

खिडकीतून भिंत दिसत होती. मी म्हटलं, "नाशात."

मडमसाहेब पेटीपाशी बसल्या होत्या. त्या दिवशी त्यांनी माझ्या हनुवटीला बोट लावलं नाही. मला त्याचा राग आला होता, हेही सांगून टाकते.

पाच वर्षांनी मडमसाहेब तापाने गेल्या. त्यांना भिंतीच्या आत ठेवलं, वर पांढरा दगड, त्यावर इंग्रजीत आणि मराठीत नाव. मी नाताळच्या सुट्टीत गेले तेव्हा साहेब फार वाकले होते. सकाळची घंटा चालू होती, बाराचे कधी दहा ठोके व्हायचे. चाराला ते व्हरांड्यात आले. तिपाईवर निळ्या काठाचे दोन प्याले होते. त्यांनी आधी मडमसाहेबांचा भरला, दोन चमचे साखर घालून ढवळला, बशी फिरवून प्याल्याचा कान रिकाम्या खुर्चीच्या उजव्या बाजूला केला. मग आपला भरला. खाडीकडे बघत प्यायले. सगळं झाल्यावर गार झालेला प्याला उचलून भिंतीशी गेले आणि चहा चाफ्याच्या बुंध्याशी ओतला.

मी तीन दिवस पाहिलं. चौथा दिवस शनिवार होता. मी त्यांच्या समोर जाऊन उभी राहिले आणि त्यांच्याच मराठीत, त्यांच्याच आवाजाने विचारलं.

"साहेब, मडमसाहेब कोठे आहेत?"

"प्रभूपाशी," ते म्हणाले.

"मग हा प्याला कोणासाठी?"

त्यांच्या हातात तोच प्याला होता.  त्यांनी तो तिपाईवर ठेवला. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, अशी आपल्यात म्हण आहे. ती मी बोलले नाही, बोलायची गरज नव्हती. मग त्यांनी विचारलं, "तुझ्या आईने दोन ठेवले होते, नाही का?"

"हो," मी म्हटलं. "एक तो रुसला असेल म्हणून."

दुसऱ्या दिवशी तिपाईवर एकच प्याला होता. तो त्यांनी भरला, ढवळला, आणि प्यायले नाहीत. पुढच्या पावसाळ्यात ते गेले. शाळेत मला मास्तरांचं पत्र आलं की शेवटी शेवटी साहेबांनी चहा सोडला होता आणि ते सारखे भिंत किती उंच आहे असं विचारायचे. मला वाटलं होतं, तो प्रश्न विचारून मला बरं वाटेल. वाटलंही. दोन दिवस चांगलं बरं वाटलं.

आज मी व्हरांडा ओलांडून मागे गेले. आधी भिंतच सापडेना. व्यापाऱ्याने तिचे दगड काढून गोदामाच्या पायाला घातले होते. पाया तेवढा जमिनीत एका ओळीत दिसत होता. आतल्या कबरींवर शेळ्या चरत होत्या. कुठली कुणाची हे मलाही सांगता आलं नाही. विहिरीपाशी एक मोलकरीण पोती धूत होती. खाली पांढरा दगड होता. ती क्षणभर बाजूला झाली तेव्हा ओली अक्षरं दिसली, मडमसाहेबांचं अर्धं नाव आणि खाली "प्रभूपाशी".  दगड गुळगुळीत होता, धुण्याला चांगला.

आईचे दगड मात्र होते तिथेच होते. ते कुणाला हलवता आले नव्हते. आणि त्यांच्यावर शेंदूर होता. बोटभर जाड, वर्षानुवर्षं चढलेला. पुढ्यात नारळाच्या कवट्या, हिरव्या बांगड्या, एक लाकडी पाळणा वीतभर लांबीचा. पाड्यातली एक बाई कडेवर तापलेलं पोर घेऊन आली होती. तिने पळसाच्या पानावर भात आणला होता. मी विचारलं, हे काय आहे?

ती म्हणाली, "ही पोरांची बाय. हिचा पोर गेलता. म्हनून ही पोरांचं आयकते."

पाड्याने पाणी बंद केलेली, साहेबाने भिंतीबाहेर ठेवलेली माझी आई. जिला खांदा द्यायला चार माणसं आली नाहीत, तिच्या पाया पडायला सगळा पाडा येत होता. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, तशी माझी खरं बोलायची. मी म्हणाले, ही देवी नाही. ही या बंगल्यातली स्वयंपाकीण होती. ही माझी आई.

बाईने माझ्या बुटांकडे पाहिलं, लांब बाह्यांकडे पाहिलं. "असंल," म्हणाली. तिला त्याने काही फरक पडला नाही. तिने पोराला खाली बसवलं आणि दगडावर दोन घास ठेवले. मी विचारलं, दोन का? तिने मला वेड्यात काढल्यासारखं पाहिलं. एक बायचा आनि एक तिच्या पोराचा, म्हणाली. सगले ठेवतात.

चाफा अजून होता. वर कावळा बसला होता. आम्ही वाट पाहिली. पोर कण्हत होतं. कावळा मान तिरकी करून घासांकडे बघायचा, मग माझ्याकडे बघायचा, आणि खाली येत नव्हता. मला म्हणायचं होतं की आई, मी खोटं बोलले होते, मी त्या दिवशी ठेवला नव्हता. तोंडातून निघालं नाही. तोंडाला काय, त्याने याआधी बरंच म्हटलेलं आहे.

शेवटी ती बाई म्हणाली, अगदी नरमाईने, "तुमी वाईच बाजूला व्हा, बाय. तुमच्यामुलं कावला येत नाय."

मी मागे सरले. भिंतीच्या पायाची ओळ ओलांडून आत गेले, चार हात. कावळा आला नाही. विहिरीपर्यंत गेले. बाईने पुन्हा वळून पाहिलं आणि हाताने आणखी लांब जायची खूण केली. मग मी व्हरांड्यावरून, त्या कुत्रीच्या शेजारून, जिथे फाटक होतं तिथून रस्त्यावर आले. कोंड्याचा वास आला. तेवढ्यात मागे पंखांचा आवाज झाला आणि त्या बाईचा सुटकेचा हुंकार ऐकू आला. मी वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तो उडून गेला असता.